मुक्यांचं काम, बोलक्यांशी गाठ

पोरी, तू प्राण्यांच्या संस्थेत लोकसंपर्काच्या जागेवर रुजू होणार हे कळलं. तुझा बाप फोनवर म्हणाला, "एवढी शिकली आणि आता कुत्र्यांमागे धावणार." त्याचं मनावर घेऊ नकोस, हाच लहानपणी दप्तरातून मांजराची पिल्लं घरी आणायचा आणि आईला माझं नाव सांगायचा. ते असो. कामाला लागण्याआधी चार गोष्टी कानात सांगते. चार म्हणजे आत्याच्या हिशेबातल्या चार, तेव्हा चहा घेऊन बस.

१. "मला माणसं आवडत नाहीत, म्हणून प्राण्यांचं काम करते" असं कुणी म्हणालं तर हसून मान हलव आणि पुढे चाल – या कामात दिवसभर माणसंच भेटतात, आणि कुत्र्यामांजराचं भलंबुरं सगळं त्यांच्याच हातात असतं.

२. नव्या सोसायटीत शिरलीस की सेक्रेटरीच्या आधी वॉचमनला नमस्कार कर, नाव-गाव विचार – कुठली कुत्री कुठल्या जिन्याखाली व्याली, कोणी दगड मारला, कोण रात्री पिल्लं पोत्यात घालून घेऊन गेलं, हे त्यालाच ठाऊक असतं. वॉचमन आपला तर गेट आपलं.

३. झाडणाऱ्या ताई, टपरीवाला, मटणाच्या दुकानातला पोरगा आणि रिक्षा स्टँड यांचे नंबर पहिल्या आठवड्यात घेऊन ठेव – समितीच्या बैठकीत जे कळत नाही ते तिथे एका कटिंगमध्ये कळतं.

४. तक्रार घेऊन आलेल्याचं बोलणं संपेपर्यंत "पण" म्हणायचं नाही – ज्याच्या नातवाला कुत्रं चावलंय त्याला कायद्याचं कलम नको असतं. नातू कसा आहे, इंजेक्शन झालं का, एवढं आधी विचारलेलं हवं असतं.

५. कुत्र्याला घाबरणाऱ्याला "काही करत नाही हो तो" असं सांगू नकोस – भीती समजुतीने जात नाही, अंतराने जाते. कुत्र्याला तू लांब घे, माणसाला जवळ बोलाव.

६. काही घरांत कुत्र्याची लाळ अंगाला लागलेली चालत नाही, काही घरांत मांजर आडवं गेलेलं चालत नाही, आणि काही ठिकाणी शनिवारी काळ्या कुत्र्याला तेल लावलेली पोळी घालायला मोटार थांबवून माणसं उतरतात. कुणाचंच खोडून काढत बसू नकोस. उंबऱ्याबाहेर उभी राहून काम कसं होईल ते बघ – लस कुत्र्याला टोचायची आहे, माणसाच्या श्रद्धेला नाही.

७. शाळेत गेलीस तर भाषण दहा मिनिटं, प्रयोग अर्धा तास. पोरांना मैदानात उभं करून "झाड व्हा" म्हणून शिकव: कुत्रं अंगावर आलं की पळायचं नाही, हात अंगाशी, नजर जमिनीवर, गप्प उभं राहायचं. जेवणाऱ्या, झोपलेल्या आणि पिल्लांजवळच्या कुत्रीला हात लावायचा नाही – पोरं हे घरी जाऊन आजीला करून दाखवतात, म्हणजे एका खेपेत दोन पिढ्या शिकतात.

आता खाऊ घालणाऱ्यांबद्दल. हे प्रकरण मोठं आहे, म्हणून जरा ऐसपैस सांगते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं एका बाजूला कुत्रीप्रेमी आणि दुसऱ्या बाजूला कुत्रीद्वेष्टे. प्रत्यक्षात बैठकीत जे भांडण होतं त्यात कुत्र्याचा वाटा थोडा असतो. पार्किंगची जागा, थकलेला मेंटेनन्स आणि मागच्या निवडणुकीत पडलेली मतं यांचा जास्त.

८. खाऊ घालणाऱ्या बाईची तक्रार आली तर आधी तिच्याबरोबर एक संध्याकाळ फिर – प्रत्येक कुत्र्याला ती नावाने ओळखते, कोणती मादी गाभण आहे हे तिला पोटावरून कळतं, आणि पकडायच्या दिवशी तिच्या हाकेवर जे कुत्रं येतं ते जाळ्याने तासभर पळवूनही सापडत नाही.

९. जागा आणि वेळ लिहून ठरव: मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यापासून, गेटपासून लांब, आणि मुलं-म्हातारी माणसं बाहेर नसतील अशा वेळी – २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत हेच सांगितलंय, आणि जागा नेमून द्यायची जबाबदारी सोसायटीवर टाकलीय. म्हणजे "खाऊ घालू देणार नाही" असंही म्हणता येत नाही आणि "कुठेही घालीन" असंही.

१०. खाऊ घालणारीला पहिली भेट द्यायची ती झाडू आणि सुपलीची – खाल्ल्यानंतर अर्ध्या तासात जागा स्वच्छ दिसली की निम्म्या तक्रारी येतच नाहीत. भात सांडला तिथे भांडण मांडलं.

११. दोन्ही बाजू हटून बसल्या तर त्याच नियमांतली समिती मागून घे. तिच्यात पशुवैद्यकीय अधिकारी, पोलिस, प्राणी संस्था, सोसायटीचे लोक आणि तक्रारदारसुद्धा बसतात – तू एकटी निवाडा द्यायला गेलीस तर दोघंही तुझ्याच नावाने खडे फोडतील.

१२. सोसायटीने घरात कुत्रं पाळायलाच बंदी घातली असेल तर आवाज चढवू नकोस. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रक छापून घेऊन जा. पाळणाऱ्यांनाही त्यातलं स्वच्छतेचं पान वाचून दाखव – हक्काचं पान सगळे वाचतात, शी उचलायचं पान कोणी उलटत नाही.

१३. कुत्री वाढली म्हणून बोंब झाली की आधी कचराकुंडी बघ – कुत्रं दिसतं सगळ्यांना, कुंडी दिसते एखाद्यालाच. मटणवाला आतडी कुठे टाकतो हे मिटलं की पुढचं बोलणं सोपं जातं.

१४. "उचलून लांब सोडा" असं दहा लोक सांगतील. शांतपणे समजाव: रिकाम्या झालेल्या गल्लीत शेजारची, नसबंदी न झालेली कुत्री शिरतात, आणि लांब सोडलेलं कुत्रं नव्या जागी मार खातं, घाबरतं, चावतं – एका गल्लीचं दुखणं दोन गल्ल्यांचं होतं.

हा वाद आजचा नाही बरं. १८३२ साली मुंबईत पोलिसांनी मोकाट कुत्री मारायला सुरुवात केली तेव्हा पारशी मंडळी रस्त्यावर उतरली आणि दंगल झाली. पुढे मद्रास महापालिका वर्षानुवर्षं कुत्री मारत राहिली आणि कुत्री काही कमी झाली नाहीत. ब्लू क्रॉस या प्राणी संस्थेच्या लोकांनी १९६४ मध्ये नसबंदीचा मार्ग सुचवला, तो महापालिकेने स्वीकारला १९९६ मध्ये. मधली बत्तीस वर्षं कुत्री मेली आणि कागद फिरला. तुझा प्रस्ताव महिनाभर टेबलावर पडला तर रडत फोन करू नकोस.

१५. कायदा सांगायचा तर ताजा सांगायचा, आणि मुळातून वाचून. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने नसबंदी आणि लस झालेली कुत्री मूळ जागी सोडायला सांगितली, रेबीज झालेली, तसा संशय असलेली आणि आक्रमक कुत्री वगळून. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, रुग्णालयं, क्रीडा संकुलं, बस आणि रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली कुत्री हलवून पुन्हा तिथे न सोडायला सांगितलं – त्यानंतर काय आलं ते तू रोज बघ, आणि व्हॉट्सॲपवरचा सारांश कुणाला पाठवू नकोस.

१६. पोलिस चौकीत जाताना दोन्ही कायदे घेऊन जा. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये, वडापावची प्लेट महाग. पण जनावर मारलं, विष घातलं किंवा पांगळं केलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागतं आणि कैद पाच वर्षांपर्यंत असू शकते – हवालदाराला कलम तू सांगितलंस तर त्याचाही वेळ वाचतो. सांगताना शिकवण्याचा सूर तेवढा नको.

१७. विषप्रयोगाचा संशय असेल तर मेलेल्या जनावराला पुरायची घाई करू नकोस. आधी फोटो, पंचनामा, शवविच्छेदन – खड्ड्यात गेलेला पुरावा साक्ष देत नाही.

आता चावा आणि रेबीज. इथे थट्टा नाही.

१८. तुझी स्वतःची प्रतिबंधक लस आधी: तीन डोस, पहिला आज, दुसरा सातव्या दिवशी, तिसरा एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी – एवढं झालेलं असेल तर पुढे चावलं तरी दोनच डोस लागतात आणि जखमेत टोचायचं ते महाग इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही.

१९. कुणालाही चावलं, ओरखडलं की पहिला डॉक्टर म्हणजे नळ. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं, घड्याळ लावून – तिखट, चुना, हळद, तंबाखू काही लावायचं नाही. त्याने जखम चिडते आणि दवाखान्यात जायचं राहून जातं.

२०. वस्तीत अजून "पोटात चौदा इंजेक्शनं" ही गोष्ट जिवंत आहे. प्रत्येक बैठकीत न कंटाळता सांग की आता सुई दंडाला देतात आणि सरकारी दवाखान्यात लस मिळते – त्या चौदाच्या भीतीने माणसं मांत्रिकाकडे जातात.

२१. चावलेलं कुत्रं मारू देऊ नकोस, दहा दिवस नजरेखाली ठेव – चावताना त्याच्या लाळेत रेबीज असेल तर ते दहा दिवसांत मरतं. धडधाकट राहिलं तर घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. पण लस दहा दिवस थांबवायची नाही, ती त्याच दिवशी सुरू.

२२. लाळ गळली, झटके आले की "पिसाळलं" असं स्वतः जाहीर करू नकोस – डिस्टेंपर या आजारातही असंच दिसतं, आणि रेबीजचा पक्का निकाल मेल्यानंतर मेंदू तपासूनच लागतो. अंतर मात्र रेबीज असल्यासारखंच ठेवायचं.

२३. लसीकरणाची मोहीम आखताना निम्म्यावर समाधान मानू नकोस. भागातल्या दहांतल्या सात कुत्र्यांना लस झाली तर साखळी तुटते. गोव्याकडे बघ. तिथे मिशन रेबीज या संस्थेने २०१३ पासून सरकारबरोबर काम केलं, हाताच्या जाळ्या घेऊन गल्लोगल्ली, लस झालेल्या कुत्र्यावर रंगाची खूण, मोबाइलवर नोंद, शाळांत धडे. आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला – रंगाची ती पट्टी नसती तर त्याच कुत्र्याला दोनदा टोचलं असतं आणि शेजारचं राहिलं असतं.

२४. भाद्रपद लक्षात ठेव. नसबंदीचा जोर त्याच्या आधी हवा – कुत्रीचा गर्भ दोन महिन्यांचा, म्हणजे भाद्रपदात जे दुर्लक्षिलं ते कार्तिक-मार्गशीर्षात गल्लोगल्ली कुईंकुईं करतं.

२५. पकडायला पहाटे जा, शाळेच्या वेळी नाही – रस्ता मोकळा, कुत्री सुस्त, आणि बघ्यांची गर्दी नाही. जाळं हातात, साखर तोंडात.

२६. पकडायच्या आदल्या दिवशी गल्लीत चिठ्ठी लाव: कोण येणार, कुत्री कुठे नेणार, कधी परत आणणार, फोन कुठला – नाहीतर गाडी दिसली की "कुत्री मारायला आले" म्हणून बातमी पसरते आणि हँडलरची कॉलर धरली जाते.

२७. अंगावर दूध असलेली मादी उचलायची नाही. बसलेली असेल तर उठवून आचळं बघ – कुठल्या तरी मोरीत तिची आंधळी पिल्लं वाट बघत असतात, आणि ती जागा तिच्याशिवाय कुणाला माहीत नसते.

२८. प्रत्येक कुत्र्याचा फोटो काढताना मागे खूण येऊ दे: विजेच्या खांबाचा नंबर, दुकानाची पाटी, वडाचा पार. पिंजऱ्यावरच्या चिठ्ठीत "कोथरूड" एवढं लिहून भागत नाही; "गिरणीशेजारची गल्ली, निळं गेट, पांढरा पाय, शेपटी आखूड" असं हवं – सगळी तांबडी गावठी कुत्री चौथ्या दिवशी एकसारखी दिसायला लागतात, आणि चुकीच्या गल्लीत सोडलेल्या कुत्र्याला तिथली टोळी रात्र काढू देत नाही.

२९. कानाची खाच म्हणजे नसबंदी झाल्याची खूण, हे वस्तीला सांग – नाहीतर कान कापला म्हणून संस्थेवरच क्रूरतेची तक्रार येते, आणि खाच ओळखणारी दोन माणसं गल्लीत असली की नवं कुत्रं आल्याचा फोन आपोआप येतो.

३०. ज्या संस्थेला जीवजंतू कल्याण मंडळाची प्रकल्प मान्यता नाही तिच्या नसबंदी शिबिरात पाय ठेवू नकोस – टाका उसवला की संस्था गायब होते आणि लोक तुझं दार ठोठावतात.

३१. मार्च-एप्रिलमध्ये केंद्रातलं पाणी, पंखे, सावली बघायला स्वतः जा, पावसाळ्यात गमबूट घालून जा – उन्हात जनावर शस्त्रक्रियेतून नाही, पिंजऱ्यातल्या तापाने जातं. आणि पावसाच्या पाण्यातला लेप्टो माणूस-कुत्रा असा भेद करत नाही.

सुटकेचं काम, म्हणजे तुमच्या भाषेत रेस्क्यू, हे ज्याला-त्याला करावंसं वाटतं. फोटो चांगला येतो. म्हणून तिथे हात आवरायला शिकणं हाच मोठा अभ्यास.

३२. आईविना दिसणारं पिल्लू लगेच उचलू नकोस. लांब उभी राहून दोन-तीन तास बघ – आई बहुतेक वेळा खायच्या शोधात गेलेली असते. उचललेलं पिल्लू वाचवणं तिच्यापेक्षा तुला जड जातं.

३३. थंडगार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब, मग दूध. बाटलीत कोमट पाणी भरून फडक्यात गुंडाळून कुशीशी ठेव. आणि गाईचं दूध नको, पिल्लांसाठीची पावडर मिळते ती आण – थंड अंगात दूध पचत नाही आणि गाईच्या दुधाने हगवण लागते; दोन्हींत पिल्लू एका रात्रीत जातं.

३४. पार्वो झालेलं पिल्लू हाताळलंस की कपडे, चपला, हात सगळं बदलूनच दुसऱ्या पिल्लाकडे जा, आणि फरशी ब्लीचच्या पाण्याने पूस – साध्या फिनाईलला तो विषाणू दाद देत नाही आणि मातीत महिनोन्‌महिने टिकतो.

३५. मांजर असलेल्या घरी फिनाईल वापरू देऊ नकोस, आणि ताप आला म्हणून मांजराला क्रोसिन तर कधीच नाही – पॅरासिटामॉलची माणसाची एक गोळी मांजर मारायला पुरते. कुत्र्याला ब्रुफेनही तसलीच.

३६. पावसाळ्यात किडे पडलेली जखम दिसेल. लोक रॉकेल, पेट्रोल, डांबरगोळी सुचवतील. तू नम्रपणे नको म्हण, स्प्रे मार, आणि चिमट्याने किडे काढायला डॉक्टरकडे ने – जनावर ते रॉकेल चाटतं. कानामागची, शेपटीखालची जागा केस बाजूला करून बघ. वरून पैशाएवढं भोक दिसतं आणि आत अख्खी मूठ जाईल एवढी पोकळी असते. वास आधी येतो, डोळ्याला नंतर दिसतं.

३७. जखमी कुत्रं कितीही गरीब दिसलं तरी उचलण्याआधी पट्टी किंवा ओढणीने तोंड बांध – दुखणारं जनावर ओळख बघत नाही. धापा टाकत असेल, उलटी होत असेल तर मात्र तोंड बांधायचं नाही.

३८. रात्रीचा प्रत्येक फोन स्वतः घेऊ नकोस. पाळी लाव – संस्थेत पाच जण असताना एकीचाच फोन वाजत असेल तर वर्षभरात ती नोकरी सोडते आणि नंबर लोकांच्या डोक्यात तसाच राहतो.

३९. आश्रयस्थानाचा पत्ता आणि पिल्लांची जागा समाजमाध्यमांवर टाकू नकोस – दुसऱ्या दिवशी सकाळी गेटला खोका टांगलेला असतो, आत सहा पिल्लं.

दत्तक देणं हे लग्न जमवण्याइतकंच जोखमीचं. फक्त इथे मुलीकडचं बोलत नाही.

४०. घरातल्या सगळ्यांना समोर बसवून विचार, विशेषतः जिला स्वयंपाक आणि झाडू करायचा आहे तिला – पोरं हट्ट करतात, बाबा हो म्हणतात, आणि पंधराव्या दिवशी परत करायला आई येते. घाईचं दत्तक, महिन्यात परत.

४१. "गणपतीला गावी जाता तेव्हा कोण सांभाळणार?" हा एकच प्रश्न विचार आणि गप्प बस – उत्तराला जितका वेळ लागतो त्यावरून सगळं कळतं.

४२. मांजर द्यायचं तर खिडकी-गॅलरीला जाळी बसल्यावरच, भाड्याचं घर असेल तर मालकाचं लेखी बघून – "लावू नंतर" म्हणणाऱ्यांचं मांजर चौथ्या मजल्यावरून कबुतरामागे जातं.

४३. हस्की हवाय म्हणणाऱ्याला नागपूरचा मे महिना आठवून दे आणि गावठी पिल्लू मांडीवर ठेव – अर्धे तिथेच विरघळतात. उरलेल्यांशी वाद नको.

४४. दिल्यावर तीन दिवसांनी, तीन आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी फोन कर, नसबंदीचं लेखी घेतलंय त्याची आठवण दे – पहिला फोन रडण्याचा असतो, दुसरा बूट चावल्याचा, तिसऱ्याला ते पिल्लू घरातलं झालेलं असतं.

४५. मे महिन्यात आणि जूनच्या बदल्यांत लॅब्रॉडर रस्त्यावर सापडतील. मालक सापडला तर शिव्या घालण्याआधी कारण विचार – आजारपण, घटस्फोट, घरमालक. चारातल्या एकाला आठवडाभराची सोय करून दिली की कुत्रं घरीच राहतं. बाकी तिघांसाठी तो १९६० चा कायदा आहेच. जनावर सोडून देणं त्यात गुन्हा आहे.

४६. दिवाळीच्या आधी आठवडाभर पट्ट्यावर फोन नंबर लिहायची मोहीम घे – फटाक्यांनी पळालेलं कुत्रं चार-पाच किलोमीटरवर सापडतं आणि त्याला पत्ता सांगता येत नाही.

४७. पैसा संस्थेच्या खात्यातच, तुझ्या गूगल पेवर एक रुपयाही नको. पेट्रोलची चिठ्ठीसुद्धा जपून ठेव – या क्षेत्रात माणसं भांडतात त्याचं मूळ दहांतल्या नऊ वेळा हिशेबात असतं. वहीत नाही ते घडलंच नाही.

४८. कंपन्यांकडे देणगी मागताना संकोचू नकोस. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात प्राणी कल्याण सामाजिक जबाबदारीच्या यादीत आहे – तू भीक मागत नाहीस, त्यांच्या खर्चाला जागा दाखवतेस. मात्र जाताना रडका फोटो नको, गेल्या वर्षीचे आकडे घेऊन जा.

४९. घरात चाळीस मांजरं साठवलेली बाई भेटेल. दारात उभी राहून नाक मुरडू नकोस, बातमीवाल्याला तर अजिबात नेऊ नकोस – ती दुष्ट नसते, एकटी असते. मांजरं थोडी थोडी काढ, नसबंदी कर, तिच्या आवडीची दोन तिच्याकडे राहू दे, आणि तिच्या भावाला किंवा समुपदेशकाला त्या कामात घे. नाहीतर सहा महिन्यांत पुन्हा चाळीस.

५०. एखाद्या जनावराला शांतपणे निरोप द्यायचा निर्णय डॉक्टरांचा असू दे, पण शेवटी तिथे उभी राहा, आणि त्या दिवशी घरी लवकर जा – तीन दिवस जेवण गेलं नाही, उगीच चिडचिड झाली की सुट्टी माग. प्राण्यांसाठी सुट्टी घेता येत नाही असं म्हणणारे दोन वर्षांत हे काम सोडतात.

५१. पुढे जनावरांची डॉक्टर व्हावंसं वाटलं तर रस्ता नीटमधून जातो, इंटर्नशिपसकट साडेपाच वर्षं, आणि महाराष्ट्रातली सरकारी महाविद्यालयं नागपूरच्या माफसू विद्यापीठाकडे. नाही वाटलं तर समाजकार्याची पदवी घे – संस्थांना डॉक्टर जाहिरात देऊन मिळतात. वस्तीत बसून दोन भांडणारी घरं शांत करणारी माणसं मिळत नाहीत.

५२. पगार कमी आहे हे मान्य कर, पण गृहीत धरू नकोस. नेमणुकीच्या पत्रात लसीचा खर्च, अपघात विमा, भविष्यनिर्वाह निधी, आठवड्याची सुट्टी आणि रात्रीच्या पाळीचा भत्ता लिहिलेला आहे का बघ – "आपण सगळे सेवा करतो" असं म्हणणाऱ्या संस्थेतच चावलेल्या हँडलरला इंजेक्शनचे पैसे स्वतः भरावे लागतात. हे पाचही नसतील तर रविवारी पत्र घेऊन ये, सही नंतर कर.